झाहोविच नक्की किती लोकप्रिय? फिरत्या दाव्याचा मुद्देसूद प्रतिवाद

झ्लात्को झाहोविच या निवृत्त स्लोव्हेनियन मिडफिल्डरबद्दल फुटबॉलवाल्यांमध्ये एक दावा थोड्याफार फरकाने फिरत असतो. त्याचा साचा ठरलेला. वर फोटो. खाली त्याचं विकिपीडियावरचं पान किती भाषांत आहे आणि किती लाख वेळा पाहिलं गेलं याचे आकडे. मग जगभरच्या फुटबॉलपटूंच्या यादीतला क्रमांक, आणि त्या क्रमांकावरून ब्राने ओब्लाक, स्रेच्को कातानेत्स (दोघेही स्लोव्हेनियाचेच, आधीच्या पिढ्यांतले मिडफिल्डर) आणि झाहोविच यांच्यात थोर कोण याचा निवाडा. शेवटी शेरा: आज त्याचं नाव कुणी शोधलंच, तर ते २००२ च्या वर्ल्ड कपमधल्या भांडणापायी.

यातला प्रत्येक आकडा कुठल्या तरी खऱ्या मोजणीतून उचललेला असतो, म्हणून तो चटकन पटतो. पण ती मोजणी कशाची आहे हे न बघता आकड्याच्या तोंडी हवं ते घातलेलं असतं.

नाव ओळखीचं नसेल तर थोडक्यात: जन्म १ फेब्रुवारी १९७१, मारिबोर. डावखुरा, स्ट्रायकरच्या किंचित मागे खेळणारा. पार्टिझान बेलग्रेड, मग पोर्तुगालमध्ये व्हितोरिया गिमाराइश आणि पोर्तो, पुढे ग्रीसचा ऑलिंपियाकोस, स्पेनचा व्हॅलेन्सिया आणि शेवटी पुन्हा पोर्तुगालमध्ये बेनफिका. स्लोव्हेनियाकडून ८० सामने आणि ३५ गोल. देशाचा गोलांचा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. दुसऱ्या क्रमांकावरच्या मिलिवोये नोवाकोविचचे ३२ आहेत, आणि नोवाकोविच तर पक्का स्ट्रायकर होता.

दावा पहिला: ‘पान इतके लाख वेळा पाहिलं गेलं, म्हणजे इतक्या लाख लोकांनी त्याच्याबद्दल वाचलं’

विकिपीडियावरचा पेजव्ह्यू म्हणजे पानासाठी आलेली एक मागणी. त्यात माणूस मोजला जात नाही. एकाच माणसाने सकाळी मोबाइलवर, दुपारी ऑफिसच्या संगणकावर आणि रात्री पुन्हा पान उघडलं तर तीन नोंदी होतात. वेगवेगळी उपकरणं किती आली याचा अंदाज विकिमीडिया काढतं, पण तो अख्ख्या प्रकल्पाचा, म्हणजे संपूर्ण मराठी विकिपीडियाचा किंवा संपूर्ण पोर्तुगीज विकिपीडियाचा. एकेका पानासाठी असा आकडा दिलाच जात नाही. त्यामुळे झाहोविचचं पान ‘किती लोकांनी’ वाचलं हे सांगणारा प्रत्येक जण पेजव्ह्यूला माणूस समजून बसलेला असतो.

बरं, मागणी करणारा माणूसच असतो असंही नाही. सध्याच्या मोजणीत मागण्यांचे तीन गट पाडतात: वापरकर्ते, स्वतःची ओळख सांगून पानं चाळत फिरणारे यांत्रिक प्रोग्राम म्हणजे क्रॉलर, आणि ओळख लपवून येणारी पण वागण्यावरून यंत्र असावं असं दिसणारी स्वयंचलित वाहतूक. हा तिसरा गट २०२० पासून वेगळा काढला जातो. त्याआधीच्या काळात तो वापरकर्त्यांच्या आकड्यातच मिसळलेला आहे. म्हणजे २०१६ चा आकडा आणि २०२३ चा आकडा शेजारीशेजारी ठेवून ‘लोकप्रियता घटली’ म्हणणं धोक्याचं. घटलेल्या भागात बॉट, म्हणजे अशी यंत्रं, किती होते हे आधी बघावं लागतं.

मागणी आणि माणूस यांत किती अंतर पडू शकतं याचं आपल्याकडचंच उदाहरण आहे. २०२१ च्या सुरुवातीला विकिमीडियाच्या तंत्रज्ञांना दिसलं की एका जांभळ्या अॅस्टर फुलाच्या फोटोला भारतातून दिवसाला सुमारे ९ कोटी मागण्या येतायत. शोध घेतल्यावर कळलं, एक मोबाइल अॅप उघडताना दरवेळी तो फोटो पाठीमागे मागवत होतं. वापरणाऱ्यांना फूल दिसतही नव्हतं. ही पानांची नाही, फोटोची मोजणी होती, पण मेख तीच.

आता तारखांचं बघा. एकेका पानाची आजच्या व्याख्येनुसार मिळणारी मोजणी जुलै २०१५ पासूनची आहे. त्याआधीची जुनी मोजणी डिसेंबर २००७ पर्यंत मागे जाते, पण तिच्यात बॉट वेगळे काढलेले नव्हते आणि बराच काळ मोबाइल साइटही धरलेली नव्हती. झाहोविच बेनफिकातून बाहेर पडला जानेवारी २००५ मध्ये. म्हणजे खेळाडू म्हणून त्याची सगळी वर्षं या मोजणीच्या बाहेर आहेत. जो आकडा फिरतो, तो निवृत्त माणसाच्या पानाचा आहे.

आकडा स्वतः काढायचा तर ‘पेजव्ह्यूज अॅनॅलिसिस’ हे विकिमीडियाचं मोफत साधन आहे. आधी प्रकल्प निवडा. प्लॅटफॉर्म ‘सर्व’ ठेवा, नाहीतर मोबाइल किंवा डेस्कटॉप यांतला एकच भाग हाती येतो. एजंट, म्हणजे मागणी करणारा कोण, तो मात्र ‘युजर’ ठेवा. मग पुनर्निर्देशनं, म्हणजे मुख्य लेखाकडे वळवणारी पर्यायी शीर्षकं, धरण्याच्या चौकटीवर खूण करा, कारण बहुतेकांची चूक इथेच होते. या आडनावाच्या शेवटच्या अक्षरावर स्लोव्हेनियन पद्धतीत एक चिन्ह येतं, सर्बियन-क्रोएशियन पद्धतीत दुसरं, आणि साध्या इंग्रजी कीबोर्डवर कुठलंच नाही. तिन्ही शीर्षकांवरून वाचक एकाच लेखात पोहोचतो, पण साधन मोजणी करतं ती ज्या शीर्षकावरून तो आला त्याच्या नावे. खूण नसेल तर उरलेल्या शीर्षकांचे वाचक गळतात. पानाचं शीर्षक मध्येच बदललं असेल तर बदलाआधीचे आकडे जुन्या शीर्षकापाशीच राहतात आणि आलेखावर एखाद्या दिवशी अचानक कडा दिसतो. त्याला लोकप्रियतेचा उदय समजून मजकूर लिहिलेले लोक आहेत.

शेवटी रोजचे आकडे सीएसव्हीमध्ये (तक्त्याच्या साध्या फाइलमध्ये) उतरवा आणि सरासरीऐवजी मीडियन, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढा. दिवसाला ३० वाचक असलेल्या पानावर एका दिवशी ३,००० आले, तर महिन्याची सरासरी १२९ होते. मीडियन ३० वरच राहतो. नेहमीची ओढ किती हे मीडियन सांगतो. सरासरी त्या एका दिवसाचं तुणतुणं वाजवत बसते.

दावा दुसरा: ‘इतक्या भाषांत पान आहे, म्हणजे इतक्या देशांत तो माहीत आहे’

भाषा आणि देश यांचं गणित जमत नाही हे तर उघड आहे, पण झाहोविचच्या बाबतीत ते खास बिनसतं. जुन्या युगोस्लाव्हियाच्या प्रदेशात सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन आणि सर्बो-क्रोएशियन असे चार वेगळे विकिपीडिया आहेत. या चौघांचे वाचक एकमेकांचं लिखाण न अडखळता वाचतात. त्यात स्लोव्हेनियन आणि मॅसेडोनियन मिळवले की एकाच पूर्वाश्रमीच्या देशातून भाषांच्या यादीत सहाची बेगमी होते. उलट पोर्तुगीज ही यादीत एकच भाषा. झाहोविच १९९३ ते १९९९ आणि पुन्हा २००१ ते २००५ पोर्तुगालमध्ये खेळला, पोर्तोकडून सलग तीन वेळा लीग जिंकला, १९९६-९७ ते १९९८-९९. त्याचे खरे वाचक जिथे असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, ती भाषा मोजणीत इतरांइतकीच एक.

दुसरी गोष्ट, पान असणं आणि पान वाचलं जाणं. मोठ्या स्पर्धेच्या संघयादीतल्या प्रत्येक नावाचं पान तयार करायची विकिपीडियाच्या लेखकांना हौस असते. राखीव गोलकीपरलाही ते मिळतं. शिवाय इजिप्शियन अरबी विकिपीडियासारख्या आवृत्तीत विकिडेटा या विकिपीडियाच्या सामायिक माहितीसाठ्यातल्या नोंदींवरून लाखो लेख घाऊक काढले गेले आहेत. तिथे फुटबॉलपटूचं पान असतं म्हणजे नाव, जन्मतारीख, क्लबांची चौकट आणि एखादं वाक्य. आपल्या मराठी विकिपीडियावरही फुटबॉलपटूंच्या अशा दोन ओळींच्या पानांची उणीव नाही. ‘मागच्या वर्षीपेक्षा दोन भाषा वाढल्या’ या वाक्यात बऱ्याचदा कुणा नव्या चाहत्याचा काही संबंध नसतो. एखादी स्क्रिप्ट चाललेली असते.

दावा तिसरा: ‘क्रमांकावरून ठरतं, ओब्लाक मोठा की कातानेत्स की झाहोविच’

इथे जरा थांबू, कारण हा क्रमांक सगळ्यात वजनदार दिसतो आणि सगळ्यात जास्त फसवतो.

असे क्रमांक बहुधा पँथिऑन या प्रकल्पातून येतात. एमआयटी मीडिया लॅबमध्ये सेझार हिडाल्गो यांच्या गटाने तो उभा केला. विकिपीडियावर ठरावीक संख्येपेक्षा जास्त भाषांत चरित्र असलेल्या व्यक्ती त्यात घेतात. पहिल्या आवृत्तीत ही अट २५ भाषांहून अधिकची होती, दुसरीत ती १५ वर आली. प्रत्येकाला एक ‘ऐतिहासिक लोकप्रियता निर्देशांक’ मिळतो. यातला ‘ऐतिहासिक’ हा शब्द फिरत्या मजकुरातून हटकून गळतो.

निर्देशांकाची कृती अशी. भाषांच्या संख्येचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या. त्यात ‘परिणामकारक भाषासंख्ये’चा, म्हणजे वाचक खरोखर किती भाषांत विखुरलेत त्या संख्येचा, लॉगॅरिदम मिळवा. जन्मापासून किती वर्षं झाली त्याचा ४ या पायावरचा लॉगॅरिदम मिळवा. इंग्रजी सोडून इतर भाषांतल्या पेजव्ह्यूंचा लॉगॅरिदम मिळवा. पेजव्ह्यूंमध्ये काळानुसार किती चढउतार आहेत त्याचा, म्हणजे विचरण गुणांकाचा, लॉगॅरिदम वजा करा. आणि माणूस सत्तरीच्या आतला असेल तर ७० मधून वय वजा करून, ७ ने भागून, येईल ते आणखी कापा. मग सगळ्यांचे आकडे ० ते १०० च्या पट्टीवर बसवतात.

वयाची कात्री आधी बघू. २०२५ धरलं तर १९४७ मध्ये जन्मलेला ब्राने ओब्लाक ७८ वर्षांचा. कापाकापी शून्य, आणि वयाच्या लॉगॅरिदमचे ३.१४ त्याच्या खात्यात. झाहोविच ५४ वर्षांचा. वयाचे २.८८, आणि वर १६ भागिले ७ म्हणजे २.२९ ची कपात. फुटबॉलचा एकही चेंडू मध्ये न आणता ओब्लाक २.५५ गुणांनी पुढे. लॉगॅरिदममध्ये २.५५ म्हणजे जवळपास १२.८ पट. बाकी सगळं सारखं असेल, तर निव्वळ बरोबरीला यायला झाहोविचच्या पानाला इंग्रजीबाहेर ओब्लाकच्या जवळपास तेरा पट वाचक लागतील. कातानेत्स १९६३ चा, ६२ वर्षांचा. त्याच्याशी हीच तफावत सुमारे साडेतीन पट निघते.

पँथिऑनवाल्यांनी हे मुद्दामच केलंय, आणि त्यांच्या हेतूला ते धरूनही आहे. त्यांना काळाच्या चाळणीतून टिकलेली नावं हवी आहेत, कालपरवाचे पॉपस्टार नकोत. ॲरिस्टॉटल आणि एखादा चालू गायक यांची तुलना करताना वयाचं वजन घालणं समजू शकतं. पण एकाच छोट्या देशाचे, एकाच खेळाचे, पाव शतकाच्या अंतराने खेळलेले दोन मिडफिल्डर त्या काट्यावर तोलले की काटा मुख्यतः जन्मवर्ष दाखवतो. ओब्लाक लहान खेळाडू होता असं यातून अजिबात निघत नाही. १९७४ च्या वर्ल्ड कपमध्ये युगोस्लाव्हियाने झाईरला ९-० ने हरवलं त्यातला एक गोल त्याचा, पुढे तो शाल्के आणि बायर्न म्युनिककडून खेळला, आणि यूएफाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त स्लोव्हेनियाने आपला ‘सोनेरी खेळाडू’ म्हणून २००३ मध्ये झाहोविचऐवजी त्यालाच निवडलं होतं. त्याचा मोठेपणा सिद्ध करायला वयाचा लॉगॅरिदम लागत नाही.

परिणामकारक भाषासंख्येचं गणितही बघण्यासारखं आहे. समजा एका खेळाडूचं पान ३० भाषांत आहे. त्यातल्या तीन भाषांत प्रत्येकी ३० टक्के पेजव्ह्यू, उरलेल्या २७ भाषांत मिळून १० टक्के. एन्ट्रॉपीच्या, म्हणजे वाटणी किती विखुरलेली आहे हे मोजणाऱ्या, सूत्राने या ३० भाषांची किंमत भरते साधारण ५. वाचकच नसलेली आणखी पाच पानं बॉटने काढली तर ३० चे ३५ होतात, पहिल्या घटकात ०.१५ ची भर पडते आणि दुसरा घटक जागचा हलत नाही. म्हणजे खुद्द हा निर्देशांक काढणाऱ्यांनाही भाषांच्या नुसत्या संख्येवर भरवसा नव्हता. दुसऱ्या दाव्याचा प्रतिवाद त्यांच्या सूत्रातच बसलेला आहे.

आणखी दोन बारीक गोष्टी. पँथिऑन माणसाला देश देतं तो जन्मगावाच्या आजच्या सीमेवरून. स्लोव्हेनियाकडून खेळलेला केव्हिन कांपल जर्मनीतल्या झोलिंगेनचा, योसिप इलिचिच बोस्नियातल्या प्रियेदोरचा. ‘स्लोव्हेनियाचे सर्वांत लोकप्रिय मिडफिल्डर’ म्हणून त्यातून यादी काढली की ही नावं आपोआप बाहेर पडतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं ती मागे पडली.

आणि पेजव्ह्यू खेळाडूचे असतात की त्या माणसाच्या पुढच्या उद्योगांचे, हे सूत्राला कळत नाही. कातानेत्स हा याचा उत्तम नमुना. स्टुटगार्टकडून १९८९ ची यूएफा कपची फायनल खेळलेला, साम्पदोरियाबरोबर १९९०-९१ ची इटालियन लीग जिंकलेला मिडफिल्डर. पण भारतातल्या कुणी त्याचं पान उघडलं असेल, तर ते बहुधा १८ जानेवारी २०२४ च्या आसपास: त्या दिवशी आशियाई कपमध्ये उझबेकिस्तानने भारताला ३-० ने हरवलं आणि उझबेकिस्तानचा कोच तो होता. ते वाचक साम्पदोरियाच्या मिडफिल्डरच्या खात्यात जमा झाले.

दावा चौथा: ‘इतका मोठा असता तर यूट्यूबवर त्याचे व्हिडिओ ढीगभर असते’

हा फार वेळ घेण्याच्या लायकीचा नाही. यूट्यूब सुरू झालं २००५ मध्ये. १९९८-९९ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये झाहोविचने पोर्तोसाठी ७ गोल केले. पोर्तो हा ऑलिंपियाकोस, क्रोएशिया झाग्रेब आणि आयॅक्स यांच्याबरोबरच्या गटातच बाद झाला, म्हणजे हे सातही सहा साखळी सामन्यांतले. त्या मोसमात त्याच्या पुढे होते ते फक्त ८-८ गोल करणारे शेव्चेन्को आणि यॉर्क. या सामन्यांची चित्रफीत आज कुणाच्या चॅनलवर दिसते ती टीव्हीवरून व्हीएचएस कॅसेटवर उतरवून, मग डिजिटल करून चढवलेली असते. आणि हक्कधारकांच्या स्वयंचलित तपासणीत सापडली की उतरते. नवा पत्ता, पुन्हा शून्यापासून व्ह्यूज. अशा तुकड्यांची बेरीज करून खेळाडूची उंची मापायची असेल तर मापणाऱ्याला शुभेच्छा.

दावा पाचवा: ‘लोक शोधतात ते फक्त २००२ च्या भांडणासाठी’

भांडण झालं होतं, ते झाकायचं कारण नाही. २ जून २००२, ग्वांगजू. स्लोव्हेनियाचा पहिलावहिला वर्ल्ड कप सामना, स्पेनकडून १-३ हार. दुसऱ्या अर्ध्यात कोच कातानेत्सने झाहोविचला बाहेर घेतलं. सामन्यानंतर दोघांची जोरदार जुंपली आणि झाहोविचला कोरियाहून घरी पाठवलं गेलं. पुढे दक्षिण आफ्रिकेकडून ०-१, पॅराग्वेकडून १-३. तिन्ही सामने हरून संघ परतला, कातानेत्सने पद सोडलं. पात्रता फेरीत रोमेनियाविरुद्धच्या प्ले-ऑफसकट बारा सामने अपराजित राहिलेल्या संघाची ही गत झाली, म्हणून त्याची चर्चा अजून होते.

पण या दाव्याला पुरावा म्हणून गुगल ट्रेंड्सचा, म्हणजे गुगलवर एखादा शब्द कधी किती शोधला गेला याचा, आलेख जोडतात, आणि तिथे घोळ आहे. ट्रेंड्सची माहिती २००४ पासून सुरू होते. भांडण २००२ चं. ते कुठल्याच आलेखात नाही, असूच शकत नाही. दिसणारे उंचवटे नंतरचे आहेत आणि त्यांचं कारण प्रत्येक वेळी तारखेवरून शोधावं लागतं.

ट्रेंड्सची पट्टीही समजून घ्यायला हवी. तिथला १०० म्हणजे शंभर शोध नव्हेत. निवडलेल्या काळातलं सगळ्यात उंच टोक. बाकीचे आकडे त्या टोकाच्या प्रमाणात. ० म्हणजे कुणीच शोधलं नाही असंही नव्हे. नमुन्यात दखल घेण्याइतकं सापडलं नाही, इतकंच. म्हणूनच शेजारी रोनाल्डोचं नाव टाकलं की झाहोविच तळाशी सपाट रेघ होतो. तो पुरावा रोनाल्डोबद्दलचा आहे.

प्रदेशांचे आकडे तर आणखी फसवे, कारण ते त्या प्रदेशातल्या एकूण शोधांच्या तुलनेतले असतात. समजा स्लोव्हेनिया १०० आणि पोर्तुगाल २५ आले. पोर्तुगालची लोकसंख्या स्लोव्हेनियाच्या पाचपट आहे, एक कोटीच्या वर विरुद्ध २१ लाखांच्या आसपास. दोन्हीकडचे दरडोई एकूण शोध सारखे धरले तर पोर्तुगालचे प्रत्यक्ष शोध १०० ला १२५ या प्रमाणात जास्तच भरतात. नकाशावर मात्र स्लोव्हेनिया गडद निळा आणि पोर्तुगाल फिका.

सगळ्यात नेहमीची चूक शोधशब्दाची. नुसतं आडनाव टाकलं की मुलगाही येतो. लुका झाहोविच, जन्म १९९५, गिमाराइशमध्ये; स्ट्रायकर; मारिबोर, हेरेनव्हेन, पोगोन श्चेचिन, गुर्निक झाब्झे. १७ सप्टेंबर २०१४ ला मारिबोरच्या मैदानावर चॅम्पियन्स लीगमध्ये त्याने जादा वेळेत गोल करून लिस्बनच्या स्पोर्टिंगला १-१ वर रोखलं. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्या आठवड्यात पोर्तुगालमधून आडनावाचा शोध चढला तर तो बापाचा की लेकाचा, हे शोधशब्द सांगू शकत नाही. ट्रेंड्समध्ये नाव टाइप केल्यावर खाली ‘फुटबॉलपटू’ असा विषय सुचवला जातो तो निवडावा. त्यात वेगवेगळ्या लिप्यांतली आणि चिन्हांची रूपंही एकत्र येतात. ओब्लाकचं तर विचारूच नका: नुसतं ‘ओब्लाक’ टाकलं की अॅटलेटिको माद्रिदचा गोलकीपर यान ओब्लाक सगळं गिळतो.

बाप २००७ ते २०२० मारिबोर क्लबचा क्रीडा संचालक होता, हेही भांडणवादी विसरतात. त्या काळात क्लबने आठ वेळा लीग जिंकली आणि २०१४ व २०१७ मध्ये चॅम्पियन्स लीगची गटफेरी गाठली. १७ ऑक्टोबर २०१७ ला लिव्हरपूलकडून घरच्या मैदानावर ०-७ मार खाल्ला, तोही त्याच्याच कारकिर्दीत. अशा रात्री क्लबच्या पानावरून संचालकाच्या नावावर टिचकी पडणं साहजिक आहे. मार्च २०२० मध्ये तो क्लबातून बाहेर पडला, तेव्हाही.

आणि राष्ट्रीय संघ मोठ्या स्पर्धेत उतरला की समालोचक विक्रमवीराचं नाव घेतातच. २० जून २०२४ ला युरोमध्ये स्लोव्हेनिया-सर्बिया १-१ झाला. आघाडी घेऊन शेवटच्या क्षणी बरोबरी पत्करलेला. त्या दिवशी कुणाला आठवेल तो २००२ चा ग्वांगजू, की १३ जून २००० चा शार्लरुआ? तिथेही समोर बेलग्रेडचाच संघ होता, तेव्हा युगोस्लाव्हिया नावाने. २३ व्या मिनिटाला झाहोविच १-०. ५२ व्या मिनिटाला पाव्लिन २-०. ५७ व्या मिनिटाला मिहायलोविचने स्वतःच्या बॉक्ससमोर आडवा पास दिला, झाहोविचने तो मध्येच उचलून ३-० केलं. तीन मिनिटांनी मिहायलोविच दुसरं पिवळं कार्ड घेऊन बाहेर. दहा जणांच्या युगोस्लाव्हियाने मग ६७, ७० आणि ७३ व्या मिनिटाला गोल करून ३-३ केलं: मिलोशेविच, द्रुलोविच, पुन्हा मिलोशेविच. पाच दिवसांनी अॅम्स्टरडॅममध्ये स्पेनविरुद्ध ५९ व्या मिनिटाला झाहोविचने बरोबरी साधली आणि पुढच्याच मिनिटाला एचेबेरियाने ती मोडली. त्या स्पर्धेत स्लोव्हेनियाचे एकूण चार गोल, त्यातले तीन त्याचे.

त्याच्या नावाशी जोडलेली दुसरी दुखरी आठवणही भांडणाची नाही. २३ मे २००१, मिलान, चॅम्पियन्स लीग फायनल, बायर्न विरुद्ध व्हॅलेन्सिया. १-१ नंतर पेनल्टी. बदली म्हणून उतरलेल्या झाहोविचचा फटका ऑलिव्हर कानने अडवला आणि व्हॅलेन्सिया ४-५ ने हरली. कानबद्दल वाचणारा कुणीही त्या ओळीवरून झाहोविचच्या पानावर पोहोचतो.

‘फक्त भांडणामुळे’ म्हणणाऱ्यांसाठी पँथिऑनच्या सूत्रातली एक शेवटची आकडेमोड. एका पानाला अकरा महिने १,००० आणि एका महिन्यात १०,००० पेजव्ह्यू मिळाले. सरासरी १,७५०, विचरण गुणांक १.४२. दुसऱ्या पानाला सहा महिने ९०० आणि सहा महिने १,१०० मिळाले. सरासरी १,०००, गुणांक ०.१. उसळीमुळे पहिल्या पानाला वाचकांच्या घटकात ०.५६ जास्त मिळतात, पण चढउताराच्या घटकात ते २.६५ गमावतं. वजावट करून २.०९ ने मागे. ज्या क्रमांकाच्या जोरावर हा मजकूर फिरतो, त्या क्रमांकात वादाने उठलेली उसळी माणसाला वर नेत नाही, खाली खेचते. क्रमांक आणि शेरा, दोन्ही एकाच चित्रावर छापणाऱ्याने यातलं एक काहीतरी खोडायला हवं.